ब्लॅकपूल प्लेझर बीच: ऑक्टोबरच्या सुट्टीत एकच दिवस, आधी कुठल्या राइडला पळायचं?

स्टॉकपोर्टकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी आहे. एक दिवस इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला, तिथल्या 'प्लेझर बीच' या राइड्सच्या पार्कात जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, मुलगा १३ वर्षांचा (दीड मीटरच्या वर), मुलगी ८ वर्षांची (१ मीटर २५ सेंटिमीटर) आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे कुरकुरतात. दोघेही शुद्ध शाकाहारी.

प्रश्न असे:
१. 'बिग वन' ही उंच रोलर कोस्टर सोडून जावं असं बाकी काही आहे का, की सगळा दिवस त्याच एका रांगेत जाईल?
२. जुन्या लाकडी राइड्स सुरक्षित असतात का? फोटोत पाहून बायको नको म्हणते.
३. आई-बाबांना नुसतं बाकावर बसवून ठेवायचं नाही. त्यांना काय झेपेल?
४. वारा असला की सगळं बंद ठेवतात म्हणे. मग तिकीट आधी काढावं की नाही?

---

लाकडीरूळ

मुलीचं आधी. 'बिग वन' आणि 'आयकॉन' दोन्हींना किमान १ मीटर ३२ सेंटिमीटर उंची लागते, तेव्हा ती बाद. जाड तळाचे बूट घालून प्रयत्न करू नका. दारावर मोजपट्टी असते, आणि रांगेत पाऊण तास उभं राहून परत पाठवलं की लेकरू रडतं. 'बिग डिपर' आणि 'ग्रँड नॅशनल' या लाकडी राइड्सना १ मीटर १७ चालतं, तिथे तिला घेऊन जा. खरी मजा तिथेच आहे.

'बिग वन' १९९४ ची. उघडली तेव्हा जगातली सर्वांत उंच रोलर कोस्टर होती, उंची ६५ मीटर. मोठी आहे, समुद्राच्या कडेने धावते, चढावरून दिसणारा देखावा अप्रतिम आहे. पण पहिला उतार संपला की कथा संपते. पुढे वळणात शिरताना रूळ हळूहळू कलत नाही, एकदम कलतो. त्या काळच्या ॲरो कंपनीच्या बांधणीची ती खोडच होती. मान आणि खांदे त्याची किंमत मोजतात. मुलाला एकदा बसू द्या, डोकं मागे टेकवून बसायला सांगा. गाडीच्या मधल्या डब्यात धक्के थोडे कमी जाणवतात. अगदी मागे बसलात तर पहिल्या उतारावर ओढले जाता, पण पुढची वळणंही तितकीच झोडपतात.

'ग्रँड नॅशनल' (१९३५) मात्र चुकवू नका. लांबून बघितलं तर शेजारी शेजारी दोन रूळ, दोन गाड्या, जणू घोड्यांची शर्यत. प्रत्यक्षात तो एकच सलग रूळ आहे. कागदाच्या पट्टीला पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियस पट्टी होते, तोच प्रकार. म्हणून डाव्या फलाटावरून निघालेली गाडी उजव्या फलाटावर येऊन थांबते. पूर्ण रूळ फिरायचा असेल तर दोनदा बसावं लागतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: चढलात त्या बाजूला आजोबांना जाकिटं सांभाळत उभं करू नका, तुम्ही पलीकडे उतरणार आहात. शर्यत बहुतेक वेळा जास्त भरलेली गाडी जिंकते. वजन वाढलं तरी हवेचा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून जड गाडीचा वेग टिकतो. तेव्हा दोन गाड्यांतली रिकामी दिसेल ती सोडा.

दोन गाड्या इतक्या जवळून जातात की शेजारच्याशी हात मिळवायचा मोह होतो. हात आतच ठेवा.

बसायचं कुठे? लाकडी गाड्यांत प्रत्येक डब्याच्या दोन टोकांना आस असतो. त्याच्या अगदी वरच्या बाकावर रुळाचा प्रत्येक सांधा कण्याला कळतो. डब्याच्या मधोमध, खाली चाक नसलेला बाक मिळाला तर तोच धरा. मुलीसाठी नक्की.

'बिग डिपर' १९२३ ची, १९३६ साली वाढवलेली. टेकड्या छोट्या, पण एकामागून एक. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर बूड सीटवरून सुटतं. 'आयकॉन' (२०१८, जर्मनीच्या माक कंपनीची) अगदी उलट स्वभावाची: साखळीचा चढ नाही, चुंबकाच्या जोरावर दोन वेळा गाडी फेकतात, वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. लोण्यासारखी चालते. मुलाला विचाराल तर तो हीच पहिली म्हणेल. मी 'ग्रँड नॅशनल' म्हणेन, आणि त्यावर वाद घालायला तयार आहे.

'इन्फ्यूजन'वर वेळ घालवू नका. पाय लोंबकळत, पाण्यावरून, पाच वेळा उलटं. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावर कान आपटतात, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

---

वंगणवाला

प्रश्न २ आणि ४ ला सविस्तर उत्तर देतो.

लाकडी सांगाडा हलतो, करकरतो, ते बघून लोक घाबरतात. तो हलायलाच बांधलेला असतो. गाडीचा जोर सगळ्या खांबांत वाटला जावा म्हणून. गाडी रुळावरून उडत नाही कारण चाकं तीन जागी असतात: वर वजन पेलणारी, बाजूने घासून दिशा देणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. टेकडीवर बूड उचललं जातं तेव्हा गाडीला खाली धरून ठेवायचं काम या तिसऱ्या चाकांचं. त्यामुळे सुरक्षिततेची चिंता सोडा. मान, पाठ, मणक्याचं दुखणं असेल तर मात्र लाकडी राइडला बसूच नका.

खारं वारं हा तिथला खरा शत्रू. लोखंडाचा रंग सोलतो, बोल्ट गंजतात, आणि म्हणून समुद्रकाठच्या पार्कात दुरुस्तीसाठी काही ना काही बंद असणं नेहमीचं. निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या बंद राइड्सची यादी बघा.

आता वारा. साखळीने माथ्यावर नेऊन सोडली की पुढे गाडीत मोटर नसते, सगळा खेळ गुरुत्वाचा. समोरून जोरदार वारा आला तर गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचते. फारच मंदावली तर दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात अडकून पडेल. गार हवेत चाकांवरचं प्लॅस्टिकचं आवरण कडक होतं, वंगण घट्ट होतं, त्याने वेग आणखी कमी. म्हणून उंच आणि उघड्यावरची 'बिग वन' आधी बंद होते, जमिनीलगतच्या लाकडी राइड्स त्या मानाने नंतर. याच कारणाने सकाळची पहिली फेरी मंद वाटते आणि दुपारी तीच राइड अंगावर येते.

हवामानाचा अंदाज बघताना वाऱ्याचा सरासरी वेग बघू नका, झोतांचा आकडा तासागणिक बघा. सकाळी झोत कमी आणि दुपारी जास्त असतील तर दार उघडताच थेट 'बिग वन'. उलट असेल तर सकाळ 'आयकॉन' आणि लाकडी राइड्सना द्या. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दारावर महाग पडतं. फक्त काढण्यापूर्वी एक अट वाचा: एखादी राइड वाऱ्याने बंद राहिली म्हणून पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. तारीख बदलता येते का आणि किती दिवस आधी, तेवढं बघून घ्या.

आणि चढावर गाडी मध्येच थांबली तर घाबरू नका. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी सोडतात. फलाटावर कुणाची तरी पिशवी अडकली, पट्टा लागेना, की मागची गाडी ब्रेकवर उभी राहते आणि तिच्या मागची चढावर. चढताना जो टकटक आवाज येतो तो खाली घसरू न देणाऱ्या खिट्टीचा, त्यामुळे गाडी मागे येत नाही. फार वेळ लागला तर कर्मचारी शेजारच्या जिन्याने वर येतात आणि एकेकाला उतरवून चालवत खाली आणतात. उंचीची भीती असेल तर ६५ मीटरवरून पायऱ्या उतरण्याची तयारी मनात ठेवूनच बसा.

---

प्रेस्टनची_काकू

आई-बाबांचं मी सांगते.

बाबांना बीपी आहे म्हणजे कोस्टर एकही नाही, अगदी छोटीसुद्धा. पण हिरम मॅक्सिमचं 'फ्लाइंग मशीन' दाखवा. १९०४ पासून चालू आहे. मशीनगन ज्याने बनवली तोच हा मॅक्सिम. मधला खांब फिरतो, दोरांना टांगलेली विमानं फिरता फिरता बाहेर झुकतात. वेग बेताचा, पण ज्याला चक्कर येते त्याने लांबच राहावं. त्यांनी आधी खाली उभं राहून एक फेरी बघावी, मग ठरवावं.

'रिव्हर केव्ह्ज' (१९०५) ही होडीतून गुहांमध्ये फिरवणारी राइड, एकदम शांत. अडचण एवढीच की होडीत खाली पाय टाकून उतरायचं असतं आणि होडी डुलते. आईंचा गुडघा दुखरा आहे तो पाय आधी टाकू द्या, चांगला पाय वर भार घेऊन राहील. बाहेर पडताना उलटं: चांगला पाय आधी वर. घाई करू नका, कर्मचारी थांबतात. 'ॲलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीवरची 'ॲलिस' राइडही त्यांना झेपेल. 'घोस्ट ट्रेन' १९३० ची आहे. भुतं साधीच, पण अंधारात गाडी झटके देत वळते, म्हणून आईंना नको.

'रेव्होल्यूशन' या उलटं फिरवणाऱ्या कोस्टरला पायऱ्या भरपूर आहेत, त्या बाजूला वृद्धांना नेऊच नका.

कपडे: आई साडीत असतील तर होडी आणि 'ॲलिस'ला हरकत नाही, पदर खोचून घ्या. 'फ्लाइंग मशीन'ला मात्र पंजाबी ड्रेस बरा, ओढणी पिशवीत. मंगळसूत्र लांब असेल तर आतल्या बाजूला. चपला नकोत, पट्ट्याचे बूट घाला. आणि ऑक्टोबरात त्या किनाऱ्यावर छत्री न्यायची नाही, दोन मिनिटांत उलटी होते. टोपीचं जाकीट न्या.

'वॅल्हाला' या अंधारातल्या पाण्याच्या राइडला (२०००, डागडुजी होऊन २०२३ साली पुन्हा उघडली) सहा मिनिटं आत असता आणि भिजता. ऑक्टोबरात ओल्या जीनने दिवस काढायचा नसेल तर ती निघायच्या आधी सगळ्यात शेवटी करा, मोजे-पँटचा एक जोड जवळ ठेवून. रेनकोट गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा हवा. कमरेपर्यंतच्या रेनकोटातून पाणी सरळ मांडीवर साचतं.

खाण्याचं सर्वांत महत्त्वाचं. उत्तर इंग्लंडमध्ये पुष्कळ चिप्सवाले बटाटे गोमांसाच्या चरबीत तळतात. पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. 'शाकाहारी आहे का' असं विचारलं तर हो म्हणतील, कारण त्यांच्या मनात बटाटाच असतो. प्रश्न असा विचारा: 'बीफ ड्रिपिंगमध्ये तळता की व्हेजिटेबल ऑइलमध्ये?' तेल असलं तरी त्याच कढईत मासे तळतात का, हेही विचारा. सरळ मार्ग म्हणजे घरून दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा. पार्कात काय आत नेता येतं ते तिकीट काढताना बघा. गिळायच्या गोळ्या पिशवीत नकोत, बाबांच्या खिशात असू द्या, कारण पिशवी लॉकरमध्ये जाते.

---

स्टॉकपोर्टकर

बाप रे, भरपूर मिळालं. चरबीचं माहीतच नव्हतं, आईने गेल्या महिन्यात किती चिप्स खाल्ल्या ते तिला सांगत नाही. दोन शंका: गाडी न्यावी की रेल्वे? आणि मुलीला काय काय, फक्त दोन लाकडी राइड्स?

---

लाकडीरूळ

मुलीला 'ॲव्हलांच' (१९८८) दाखवा. तिला रूळच नाहीत. बर्फावरच्या घसरगाडीसारखी डब्याची गाडी पन्हळीतून घसरते आणि वळणावर भिंतीवर चढते. तिच्या वयाला नेमकी. 'स्टीपलचेस' (१९७७) मध्ये तीन समांतर रुळांवर घोड्यांवर बसून शर्यत असते. घोडा चाकांवर असतो, तोल सांभाळायला पाय घट्ट आवळावे लागतात, तेव्हा आधी तिथल्या पट्टीवर उंची बघून घ्या. लहानग्यांच्या भागात 'ब्लू फ्लायर' आहे, १९३४ ची, मूळ नाव 'झिपर डिपर'. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये वाढलेल्यांना हे नाव ऐकल्यासारखं वाटेल, तिथेही 'झिपर डिपर' होती. आजोबांना ती खालून बघता येईल.

---

वंगणवाला

रेल्वे. प्रेस्टनहून ब्लॅकपूल साउथला जाणाऱ्या गाडीला 'ब्लॅकपूल प्लेझर बीच' नावाचं स्टेशनच आहे, पार्कला लागून. गाड्या विरळ, साधारण तासाला एक, म्हणून परतीची वेळ आधी लिहून ठेवा. मँचेस्टरहून थेट गाडी हवी तर ती ब्लॅकपूल नॉर्थला जाते. २०२४ पासून ट्राम तिथल्या स्टेशनापर्यंत आली आहे, दक्षिणेकडची धरा आणि प्लेझर बीच थांब्यावर उतरा. आईंच्या गुडघ्यांना ट्राम बरी, चढायला पायरी नसल्यासारखीच.

स्वतःच्या गाडीने गेलात तर एक लक्षात घ्या. ऑक्टोबरात किनाऱ्यावरच्या रोषणाईचा हंगाम असतो, दक्षिण टोकापासून जवळजवळ १० किलोमीटर. १८७९ साली आठ आर्क दिव्यांनी सुरुवात झाली होती, आता अंधार पडला की किनाऱ्याचा रस्ता मुंगीच्या पावलाने सरकतो. रोषणाई बघायचीच असेल तर ट्राम पकडा आणि मध्येच एखाद्या थांब्यावर उतरून थोडं चाला. थेट परत निघायचं तर अंधार पडायच्या आत पार्किंग सोडा.

---

प्रेस्टनची_काकू

वाळूत खेळायचं मुलीच्या डोक्यात असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. तिथे पाणी उधाणाला आठ-नऊ मीटर चढतं-उतरतं. भरतीला किनाराच शिल्लक राहत नाही, लाटा थेट भिंतीवर आपटतात आणि रस्त्यावर पाणी उडतं. ओहोटी दुपारी असेल तर आई-बाबांना त्या वेळी मुलीबरोबर किनाऱ्यावर पाठवा, तुम्ही तिघं त्यातच 'ग्रँड नॅशनल'ची दुसरी फेरी मारा, पलीकडच्या फलाटावरून.