दोन फुटी टाकीत कोणता सकर मासा ठेवावा?

प्रश्न
टाकी दोन फुटी, पाणी साधारण ५० लिटर, त्यात दहा निऑन टेट्रा. काचेवर शेवाळ धरायचं म्हणून बोटाएवढा सकर आणला. "हा एवढाच राहतो," असं दुकानात सांगितलं होतं. आठ महिन्यांत वीतभर झालाय, रात्री झाडं उपटून ठेवतो. हे म्हणतात, नदीत सोडून देऊ. मुलगी रडतेय. लहानच राहणारी जात असते का?

उत्तर (भिगवणहून)
ताई, हात जोडतो, नदीत सोडू नका. उजनीत हाच मासा माजलाय, आमच्याकडे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. चिलापीसाठी जाळं टाकावं तर हा निघतो. अंगावर हाडासारखं चिलखत, परांचे काटे ताठ. सोडवता सोडवता जाळं फाटतं. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो दीड फुटापर्यंत वाढतो. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.

उत्तर
लहान जाती आहेत. ब्रिसलनोज चार-पाच इंचांचा होतो, म्हणजे तुमच्या टाकीला जरा मोठाच. क्लाउन प्लेको साडेतीन इंचांचा, पट्टे फार देखणे, पण तो लाकूड कुरतडतो. काच साफ करेल ही आशा त्याच्याकडून ठेवू नका.

तुम्हाला हवा तो ओटो, म्हणजे ओटोसिंक्लस; हाही सकरच. जेमतेम दीड इंच, झाडांना धक्का लावत नाही. एकटा मात्र आणू नका, सहा तरी हवेत. मी पहिल्यांदा सहा आणले आणि तीन आठवड्यांत चार गेले. पाणी चांगलं होतं; टाकी महिनाभराचीच होती, काचा लख्ख, त्यांना खायला काही नव्हतंच. तेव्हापासून शेवाळ दिसलं की मला बरं वाटतं.

हे मासे बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून येतात आणि प्रवासात उपाशी राहतात. दुकानात काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघा. गोल असेल तरच घ्या. खपाटीला गेलेला सहसा वाचत नाही. आठवडाभर दुकानातच राहू द्या, मग जे तगतील ते आणा. घरी दुधीची चकती किंचित उकडून, स्टीलच्या चमच्यात खोचून रात्री तळाशी ठेवा. सकाळी काढायला विसरू नका, पाणी नासतं. पहिले दोन दिवस तोंड लावणार नाहीत, तरी ठेवत राहा.

प्रश्नकर्ती
नदीचा विषय घरात बंद झाला. काच पुसणंही आजपासून बंद. उकडताना दुधीत मीठ घालायचं नाही ना?

उत्तर
अजिबात नाही. साल मात्र राहू द्या, चकती विरघळत नाही.