मदत हवी आहे: थरारपटाची सुरुवात केली, दिसतेय पर्यटनाच्या जाहिरातीसारखी

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं फोंड्याजवळच्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकतो. या सत्राचं काम असं आहे: थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. शिवाय लेखी दोन गोष्टी, एका जुन्या थरारपटाच्या सुरुवातीचं विश्लेषण आणि आमच्या प्रत्येक निर्णयामागचं कारण.

पहिला कट शुक्रवारी वर्गात दाखवला. मागच्या बाकावरून आवाज आला, "रूम बुक कुठे करायची रे?" सगळे हसले. सर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, "यात कोणाला काय माहीत आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

सध्या असं आहे. पहिली ३५ सेकंदं एक मुलगा कांदळवनातून धावतोय, हाताला रक्त (कोकमाचं आगळ वापरलं, कॅमेऱ्यात ठार जांभळं दिसतंय). पुढची ४० सेकंदं नावं, मागे मांडवी नदीवरचा सूर्यास्त. मग जुने गोवे ते दिवाडी बेट फेरीबोट. बोट पलीकडे लागते, गाड्या उतरतात, माणसं उतरतात आणि एक स्कूटर तशीच उभी. चावी लावलेली. काळा पडदा.

विश्लेषणासाठी हिचकॉकचा 'सायको' (१९६०) घेतला, कारण तो भर दुपारी सुरू होतो. पडद्यावर शहर, वार, तारीख आणि वेळ येते: फिनिक्स, ॲरिझोना, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. मग कॅमेरा शहरावरून सरकत एका अर्धवट पाडलेल्या पडद्याच्या खिडकीतून आत शिरतो. मला ती वेळ पंचनाम्यातल्या नोंदीसारखी वाटते. अजून काहीच घडलेलं नाही, पण कोणीतरी लिहून घेतंय. एवढं सुचलं, बाकी सगळी नुसती शॉटची यादी झालीय.

धावणं ठेवू की काढू? आणि गोव्याच्या लख्ख उन्हात भीती आणायची कशी?

प्रतिसाद १

धावणं काढ. ज्याला आपण ओळखत नाही तो कशापासून पळतोय याची काळजी कोण करणार? तुझा सिनेमा स्कूटरपासून सुरू होतो आणि तू ती शेवटी ठेवलीयस.

तुझ्या सरांचा प्रश्न हिचकॉकचाच आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर तो फुटल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधी दाखवलास तर तीच रटाळ गप्पाटप्पांची पंधरा मिनिटं माणूस जीव मुठीत धरून बघतो. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) पहा. पहिल्याच शॉटमध्ये एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ कट नाही. गाडी गर्दीत अडकते, सुटते, पुन्हा अडकते. घडत काहीच नाही, पण आपल्याला माहीत आहे.

तुझ्याकडे तेच आहे. एकजण स्कूटर बोटीत लावतो आणि रॅम्प उचलायच्या आत निमूट चालत परत धक्क्यावर जातो. हे फक्त आपण पाहतो. पुढचं सगळं साधं ठेव: कोणी मोबाईल बघतंय, एक बाई मासळीची पिशवी त्याच स्कूटरच्या हुकाला अडकवते.

प्रतिसाद २

मासळीच्या पिशवीला +१. बाकी वरच्यांशी असहमत. मालक उतरताना दाखवलात की प्रेक्षक बॉम्बच धरून बसेल, आणि तुमच्याकडे फोडायला तिसरं मिनिट नाही. मी बोटीवरच्या खलाशाबरोबर राहीन. तो रोजचा माणूस, त्याला जेव्हा खटकेल तेव्हाच आपल्याला खटकावं.

उन्हाची भीती वाटू देऊ नका. जाहिरात सूर्यास्ताने होते, उन्हाने नव्हे. बारा-एकच्या उन्हात शूट करा, सावल्या पायाखाली आणि डोळे भुवयांच्या काळोखात जातात. आकाश चौकटीत घेऊच नका.

आणि आवाज! बोटीच्या इंजिनाची घरघर वेगळी रेकॉर्ड करा, रॅम्पची साखळी वेगळी, नुसत्या धक्क्याची शांतताही एक मिनिट. संगीत टाकून द्या. दोन मिनिटं कानात घरघर असली की ती थांबणं हीच तुमची किंकाळी.

प्रतिसाद ३

कला झाली, आता पाण्याकडे बघा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी एकला अर्धं शूट करून उरलेलं पुढच्या शनिवारी एकलाच केलंत, तरी धक्क्याच्या उतारावर पाणी भलतीकडेच असेल. परीक्षकाला नाही कळलं तरी दिवाडीकराला कळेल. भरतीचं कोष्टक बघून दिवस ठरवा. एका खेपेत एकच टेक मिळणार, म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय दोन खेपा करा आणि कोण कुठे उभं राहतं ते लिहा. फेरीबोट सरकारी आहे, तेव्हा नदी परिवहन खात्याला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या. आणि हो, चावी लावलेली स्कूटर शूटिंगची आहे हे बोटीवरच्या लोकांना आधी सांगा, नाहीतर थरार खराच व्हायचा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भांडण सोडवायला दोन्ही पर्याय मोबाईलवर फोटो काढून, त्यांना नुसते आवाज जोडून बनवले आणि घरी दाखवले. खलाशाच्या पर्यायात आई शांत बसली, शेवटी म्हणाली, "छान आहे." दुसऱ्यात मालक धक्क्यावर परत गेला तशी ओरडली, "अरे, तो चालला! सांगा ना कोणीतरी त्या बाईला, पिशवी काढ म्हणून!" बाबा जेवायचे थांबले.

तेव्हा पर्याय प्रतिसाद १ चा, पण आवाज प्रतिसाद २ चा. सरांना उत्तरही मिळालं: आम्हाला माहीत आहे, बाईला नाही. विश्लेषणही त्याच प्रश्नाभोवती पुन्हा लिहितोय. 'सायको'त आपण कोणाच्या परवानगीशिवाय खिडकीतून आत जातो, म्हणजे आत असलेल्यांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे: कोणीतरी बघतंय. नावं आता घरघरीवरच येतात, एकेक, काळ्यावर पांढरी. पत्र दिलंय. आगळाची उरलेली बाटली आईने सोलकढीला नेली.

एकच अडकलंय. शेवटी इंजिन बंद होतं तेव्हा चावीच्या किचेनवर क्लोजअप आहे. इंजिन थांबल्यावरही किचेन हलत राहावं असं मला वाटतं, पण कॅमेरामन म्हणतो प्रेक्षकाला ती चूक वाटेल. किती सेकंद हलू देऊ?