हार्डवेअर वॉलेट जोडलं, सॉफ्टवेअर उघडलं, बॅलन्स शून्य!

अंबडचा फिटर (रात्री 11:40)

मंडळी, हात थरथरतायत, टायपिंगच्या चुका पोटात घाला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन व्हीएमसी मशीन आणि एक म्हातारा लेथ. 2021 पासून जमेल तसं थोडं थोडं बिटकॉइन घेत आलो. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजमधून साधारण 23 कोटी डॉलरची चोरी झाली. माझं खातं तिथं नव्हतं, पण झोप उडाली. तेव्हा ट्रेझर वन हे हार्डवेअर वॉलेट घेतलं, ती दोन बटणांची छोटी डबी. शॉपमधल्या कॉम्प्युटरवर तिचं सॉफ्टवेअर, ट्रेझर सूट, टाकलं आणि 0.041 बिटकॉइन एक्सचेंजवरून त्यात आणलं. वॉलेट परत उभं करायला लागणारे 24 शब्द कागदावर लिहिले. एका मित्राच्या सांगण्यावरून वर एक पासफ्रेजही (आपण ठरवलेला जादा पासवर्ड) ठेवला, तो डायरीत.

गेल्या महिन्यात शॉपच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. आज मुलाच्या पीसीवर सूट टाकलं, वॉलेट जोडलं, पिन दिला, डायरीत बघून पासफ्रेज दिला. उघडलं. बॅलन्स शून्य. एकही जुना व्यवहार दिसत नाही! पोरगा अकरावीत आहे, त्या पीसीवर कुठून कुठून फुकट उतरवलेले गेम्स आहेत. तिथूनच कोणी हात मारला का? शोधता शोधता एक ‘वॉलेट रिकव्हरी’चं पान सापडलंय, ते 24 शब्द टाकायला सांगतंय. टाकू का? सौ. दोनदा विचारून गेली काय चाललंय, जीएसटी रिटर्न म्हणून सांगितलं.

पंचवटी जुना (रात्री 11:46)

ते पान आधी बंद करा. शब्द कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत, कुणी देव येऊन सांगितलं तरी. आणि आता ‘सपोर्ट टीम’ म्हणून कोणी खासगी मेसेज करेल, त्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

अंबडचा फिटर (रात्री 11:48)

दोघांचे आलेत.

इंदिरानगरवाली (रात्री 11:59)

दादा, आधी पाणी प्या. नाणी त्या डबीत नसतात आणि सूटमध्येही नसतात, ती ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत असतात. डबीत फक्त किल्ली. सूट व्यवहार तयार करतं, डबी आतल्या आत सही करते, किल्ली बाहेर येतच नाही. म्हणून गेम्सवाल्या पीसीवर नुसतं जोडल्याने पैसे जात नाहीत. डबीचं बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही.

आता एक करा. ज्या एक्सचेंजवरून काढलंत, तिथल्या विड्रॉवलच्या नोंदीत तुमचा पत्ता असेल, बीसी1 ने सुरू होणारा. तो कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर (ती वही बघायची साइट) टाका. पत्ता टाकण्यात धोका नाही. नाणी तिथंच पडून असतील तर चोरी झालेली नाही, तुम्ही दुसऱ्याच खोलीचं दार उघडलंय.

माझा संशय पासफ्रेजवर आहे. पिन चुकला तर डबी ओरडते. पासफ्रेज चुकला तर ओरडत नाही. प्रत्येक पासफ्रेजचं स्वतःचं एक वॉलेट असतं, एका अक्षराच्या फरकाने तुम्हाला भलतंच, कोरं करकरीत वॉलेट मिळतं. डबीच्या लेखी ‘चुकीचा’ पासफ्रेज असा नसतोच. स्पेस, पहिलं अक्षर कॅपिटल, हे सगळं मोजलं जातं. आणि सूट ट्रेझर डॉट आयओवरूनच उतरवलंत ना? शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नाही ना?

अंबडचा फिटर (रात्री 12:20)

सूट तिथूनच घेतलंय. पत्ता टाकला. 0.041 तिथंच आहे, आल्या दिवसापासून जागचं हललेलं नाही. ताई, तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

पासफ्रेज मात्र जमत नाही. डायरीत लिहिलाय तसाच टाकतोय. स्पेस देऊन, न देता, आठ प्रकार झाले. दर वेळी कोरं वॉलेट.

इंदिरानगरवाली (रात्री 12:26)

पहिल्यांदा ठेवला तो शॉपच्या कॉम्प्युटरवरूनच का? तिकडे एरवी काय टाइप करता?

अंबडचा फिटर (रात्री 12:41)

ड्रॉइंग!! ड्रॉइंगवरची अक्षरं सगळी कॅपिटल असतात, त्यामुळे शॉपच्या कीबोर्डचं कॅप्स लॉक कायम चालू. टाकताना कॉम्प्युटरवर नुसते ठिपके दिसतात, डबीच्या पडद्याकडे मी नीट बघितलं नाही, त्यामुळे मला कळलंच नाही. पहिल्यांदा आणि खात्रीसाठी परत, दोन्ही वेळा कॅपिटलमध्ये टाकला आणि डायरीत लिहिला स्मॉलमध्ये. आत्ता कॅप्स लॉक दाबून टाकला, 0.041 समोर हजर. स्वीकारायचा पहिला पत्ता डबीच्या पडद्यावर काढून एक्सचेंजच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला.

पंचवटी जुना (रात्री 12:50)

अभिनंदन. पण सगळा कॅपिटल आहे हे इथं लिहायची काय गरज होती? आणि ट्रेझर वनवर पासफ्रेज कॉम्प्युटरवरच टाइप करावा लागतो, म्हणजे त्या गेम्सवाल्या पीसीवर काही बसलेलं असेल तर त्याने तो वाचलाच. 24 शब्दांशिवाय नुसत्या पासफ्रेजचा उपयोग नाही, तरी स्वच्छ मशीनवर नवा पासफ्रेज घ्या आणि नाणी तिकडे हलवा. पाठवताना पत्ता डबीच्या छोट्या पडद्यावरच वाचायचा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, मोठ्या पडद्यावर दिसतंय ते खरं धरू नका. आपल्याच वॉलेटमधून आपल्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, तरी नोंद ठेवा, 30 टक्के कराच्या हिशेबाला लागते.

आणि तो कागद! आमचं घर भांडी बाजाराच्या मागे. 2019 च्या पुरात आमची कागदपत्रं दोरीवर वाळत घातली होती. शब्द स्टीलवर घ्या. फक्त भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेऊ नका, तो मोठ्याने वाचत वाचत कोरतो.

अंबडचा फिटर (रात्री 1:05)

काका, स्टील आपल्याच घरचं. एसएस 304 ची 2 मिमी पट्टी पडलेली आहे, 3 मिमीचा अक्षर पंचचा सेटही आहे.

इंदिरानगरवाली (रात्री 1:09)

शब्द पूर्ण ठोकू नका. हे 24 शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात 2048 शब्द आहेत, पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक ओळखता येतो. 24 चोक 96, फार तर तेवढेच घाव. क्रमांक मात्र घाला. पासफ्रेज त्या पट्टीवर नको, वेगळा ठेवा.

अंबडचा फिटर (रविवार, संध्याकाळी 6:30)

पट्टी झाली. सातवा शब्द दोनदा ठोकला गेला, ग्राइंडरने घासून परत केला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून त्यावर फक्त सूट ठेवलंय, नवा पासफ्रेज घेऊन आधी 0.001 पाठवलं. लगेच पुढचं पाठवलं नाही, सूट बंद केलं, डबी काढली, परत जोडली, डायरीत बघून पासफ्रेज टाकला. 0.001 दिसलं. मग उरलेलं पाठवलं. सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जीएसटी रिटर्न भरलं का मग?