कॅनडातला राखाडी 'जे' पक्षी कमी का व्हायलाय? जंगल तर जागेवरच आहे की

सातरस्ता_सोलापूर:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ ओटावाला असतो, मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा त्यानं अल्गॉन्क्विन पार्कला नेलं. गाडीतनं उतरून भाजलेले शेंगदाणे खात उभा होतो तर एक राखाडी पक्षी, मागून डोकं काळपट आणि कपाळ पांढरं, सरळ येऊन माझ्या हातावरच बसला!! घाबरणं वगैरे काही नाही, तीन शेंगदाणे चोचीत कोंबले आणि गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. भाऊ म्हणाला हा कॅनडा जे, आणि या पार्कात गेल्या चाळीसेक वर्षांत हे निम्म्याहून कमी झालेत. तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय. १८९३ पासून राखलेलं जंगल आहे, पक्षी पडेल ते खातो, माणसाला भीत नाही, मग कमी कशानं होतोय? आणि हा आपल्या नीलकंठाचा भाऊबंद का, त्याला पण ब्लू जे म्हणतात ना लोक?

माळावरचा:
दादा, आधी शेवटचं सांगतो. नीलकंठाचा काही संबंध नाही, ब्लू जे हे नाव इंग्रजांनी निळा रंग बघून चिकटवलं. 'जे' म्हणजे कावळ्याच्या घरातला पक्षी, आपल्याकडचा टकाचोर त्याच्या नात्यात येतो. कॅनडा जेला मध्ये बरीच वर्षं ग्रे जे म्हणायचे, २०१८ ला जुनं नाव परत दिलं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या हातावरचे शेंगदाणे त्यानं खाल्ले नाहीत, लपवले. हा पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला जात नाही, ७० ग्रॅमच्या आसपासचा जीव तिथंच बर्फात राहतो, आणि त्यासाठी उन्हाळा आणि पानगळभर साठा करत असतो. किडे, बेरी, कुकुरमुत्ते, मेलेल्या जनावराचं मांस, जे मिळेल ते चिकट लाळेत घोळवून गोळी करायची आणि झाडाच्या सालीखाली नाहीतर दगडफुलात (आपण काळ्या मसाल्यात घालतो त्याच जातीचं) चिकटवून ठेवायची. एका दिवसात हजारापर्यंत जागी लपवू शकतो!! आणि पुष्कळशा जागा त्याला नंतर सापडतात पण.

पण बघा, यातला बराचसा माल नासणारा आहे. त्याचा फ्रिज म्हणजे तिथली थंडी. पानगळ उबदार गेली, की साठा हिवाळा लागायच्या आधीच खराब व्हायला लागतो. त्यात हा पक्षी अंडी घालतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाहेर उणे ३० असताना मादी अंड्यांवर बसलेली असते, नवं खायला जवळपास काहीच नसतं, घरटं चालवायचं ते साठ्यावर. वेट आणि स्ट्रिकलंड या पक्षी अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच मांडलं, आधीची पानगळ उबदार असेल तर पुढच्या हंगामात अंडी उशिरा आणि पिल्लं कमी. म्हणजे जंगल राखलं तरी थंडी कशी राखणार, हा खरा प्रश्न आहे.

हिप्परग्याचा_बगळा:
माहिती छान आहे पण मला एक शंका आहे. निम्मे झाले हे कोण मोजतं? आपण इथं हिप्परगा तलावावर चार जण मोजायला बसलो तर चार आकडे येतात, आणि तिकडं उत्तरेला तर रस्तेच नाहीत म्हणतात, मग पूर्ण कॅनडातला पक्षी कमी झाला असं कसं म्हणायचं?

माळावरचा:
रास्त शंका आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत.

अल्गॉन्क्विनमधली मोजणी साधी नाही. १९६० च्या दशकात रसेल रटर यांनी तिथं या पक्ष्यांच्या पायात रंगीत कड्या घालायला सुरुवात केली, पुढं डॅन स्ट्रिकलंड यांनी ते काम कित्येक दशकं चालवलं, आता गेल्फ विद्यापीठाचे रायन नॉरिस आणि त्यांचे विद्यार्थी करतात. पार्कातनं जाणाऱ्या हायवे ६० च्या दोन्ही बाजूचा पट्टा. जोडी वर्षानुवर्षं आपला इलाखा सोडत नाही, त्यामुळं कुठला इलाखा भरलेला, कुठला ओस पडला, कुणाला किती पिल्लं झाली, हे कड्या बघून एकेक पक्ष्याचं माहीत असतं. अंदाजपंचे काही नाही.

पण ते पार्क या पक्ष्याच्या मुलखाच्या दक्षिण टोकाला आहे. वर उत्तरेला स्प्रूसचं (सुईसारख्या पानांचं, बारमाही हिरवं झाड) अफाट जंगल आहे, तिथं तो भरपूर आहे, आणि १९६६ पासनं चालू असलेली मोठी पक्षीगणना रस्त्यांवरनं होते, त्यामुळं त्या भागाचं चित्र तिच्यात नीट येत नाही हे तुमचं बरोबर. म्हणून "जे संपत आला" असं कुणी म्हणू नये, दक्षिणेची कड ढासळतेय असं म्हणावं. कडेला जे होतं ते हळूहळू आत सरकतं का, ते बघायलाच तर एवढी वर्षं मोजणी लावलीय.

कडक_भाकरी:
मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना हे कसं सांगता येईल त्याचा विचार करत होते. आपली कडक भाकरी महिना महिना टिकते ती तिच्यात ओल नसते म्हणून, पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चार दिवसात मऊ पडून बुरशी येते. भाकरी तीच, घर तेच, फक्त हवा बदलली. या पक्ष्याचं तसंच झालंय ना? आणि दादा, मला वाचल्याचं आठवतं की नुसतं तापमान वाढण्यापेक्षा गोठणं-वितळणं, परत गोठणं हे जास्त वाईट?

बाकी नीलकंठाचा विषय निघालाच आहे तर, २०२३ च्या भारतातल्या पक्ष्यांच्या अहवालात तोही ३० टक्के किंवा जास्त घटलेल्यांत आहे. दसऱ्याला अक्कलकोट रोडला तारेवर सहज दिसायचा, आता मुलांना दाखवायला शोधावा लागतो, फार वाईट वाटतं.

माळावरचा:
अगदी बरोबर ताई, तुमचं उदाहरण उचलतो मी. पानगळीत जितक्या वेळा गोठून वितळतं तितकी पुढच्या वर्षी पिल्लं कमी, असं अल्गॉन्क्विनच्याच नॉरिस मंडळींच्या पुढच्या अभ्यासात निघालंय. वितळलं की घास ओला होतो, सडायला लागतो.

अजून एक राहिलं. त्या पार्कात सगळे इलाखे सारखे ओस पडलेले नाहीत. जिथं मेपलसारखी पानगळीची झाडं जास्त तिथले जास्त गेले, जिथं स्प्रूस भरपूर तिथं जोड्या अजून टिकून आहेत. त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या झाडांच्या सालीत अळ्या आणि मनुके ठेवून बघितलं, तर स्प्रूस आणि पाइनवर ठेवलेलं मेपल-बर्चपेक्षा चांगलं टिकलं.

आणि एकदा ओस पडलं की लवकर भरत नाही. जूनमध्ये पिल्लांतलं दांडगं पिल्लू भावंडांना हाकलून देतं आणि स्वतः आईबापाजवळ राहतं, हाकललेल्यातली बहुतेक पहिल्या पानगळीपर्यंत मरतात. मुळात पिल्लंच कमी, मग रिकाम्या जागी यायचं कुणी?

सातरस्ता_सोलापूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्रूसचं वाचून एकदम आठवलं, आम्ही उभे होतो तिथं सगळी मेपलची झाडं होती, लालभडक, भाऊ त्याचेच फोटो काढत होता. पण तो पक्षी प्रत्येक वेळी शेंगदाणे घेऊन त्या झाडांत गेलाच नाही, रस्ता ओलांडून पलीकडं काळपट हिरव्या टोकदार झाडांची रांग होती, तिकडंच जायचा. मला वाटलं तिथं घरटं असेल. भाऊ मार्चमध्ये परत जाणार आहे, त्याला म्हटलंय त्याच जागी जा आणि पायात कड्या आहेत का, कुठल्या रंगाच्या, तेवढं नीट बघून ये. कळलं की इथंच टाकतो.