मदत हवी आहे : एस्पेरांतो वाचता येते, बोलण्याचा सराव कसा करू?

नमस्कार मंडळी,

एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेतली पुस्तके मी आता बऱ्यापैकी वाचतो. तिचे निर्माते झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेले व्याकरण अवघ्या १६ नियमांचे. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त, त्यामुळे वाचताना फारसे अडत नाही.

अडते ते बोलताना, कर्माच्या 'न'पाशी. मराठीत आपण 'पुस्तक वाचतो' म्हणतो, पुस्तकाला प्रत्यय लावत नाही. तिथे मात्र 'मी लेगास बोनान लिब्रोन' म्हणजे 'मी चांगलं पुस्तक वाचतो'. पुस्तकालाही 'न' आणि 'चांगलं'लाही 'न'! बोलण्याच्या ओघात विशेषणाचा तर हमखास गळतो. हा कानात बसावा म्हणून कोणी काय केलंत? मोठ्याने वाचन, की थेट गप्पा?

मला स्वतःला गप्पाच हव्या आहेत. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेर इथे पहिली जागतिक परिषद भरली, वेगवेगळ्या देशांतली माणसं दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलली. आज काही घरांत मुलं ही भाषा जन्मापासून ऐकतात. इतकी जिवंत भाषा मी नुसती डोळ्यांनी वाचतोय, याची मनापासून रुखरुख वाटते.

नवशिक्याला सांभाळून घेणारा, आठवड्यातून एकदा ऑनलाइन बोलणारा गट कुणाला माहीत आहे का? चुका तिथल्या तिथे सुधारणारा असेल तर फारच उत्तम.

आणखी एक. सुमारे १२० शब्दांची तोकी पोना ही दुसरी रचलेली भाषा सोबतीने सुरू करावीशी वाटते. दोन्ही एकत्र शिकलेल्यांनी सांगा, सरमिसळ होते का?