मदत हवी आहे: वारसाने आलेली द्राक्षबाग (ता. साक्री, जि. धुळे), यंदाची खरड (उन्हाळी) छाटणी करावी की बाग मोडावी?

नमस्कार.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला, माझ्या काकांची साडेचार एकर जमीन आहे आणि तीत सव्वादोन एकर द्राक्षबाग आहे. काका अविवाहित होते. गेल्या पौषात ते अचानक वारले आणि मृत्युपत्र त्यांनी केलेले नव्हते. माझे वडील आणि आत्या दोघेही आधीच गेलेले असल्यामुळे वारस म्हणून मी आणि सुरतेला राहणारा माझा आतेभाऊ असे दोघेच उरलो आहोत. वडिलांनी आपल्या वाट्याची जमीन मी शाळेत असतानाच विकली होती, त्यामुळे गावाशी माझा संबंध लग्नकार्ये आणि लहानपणीची आखाजी (अक्षय्य तृतीया) एवढ्यापुरताच राहिला होता. या बागेत कधी आपले नाव लागेल, हे मनातही आले नव्हते.

माझे वय ४८ आहे. डोंबिवलीतील एका खासगी कंपनीत मी हिशेब विभागात काम करते. कंपनी इथले कार्यालय जूनअखेर बंद करणार असून, परराज्यात बदली घ्यावी किंवा देणी घेऊन मोकळे व्हावे, असे दोन पर्याय आम्हाला दिलेले आहेत. मुलगी बारावीची परीक्षा देते आहे आणि पुढे ती वसतिगृहातच राहणार आहे. घटस्फोटाला बरीच वर्षे झाली. म्हणजे पायात बेडी नाही, तसा पगाराखेरीज दुसरा आधारही नाही. नोकरीचे काय करायचे ते माझे मी ठरवेन. इथे मला विचारायचे आहे ते बागेबद्दल, कारण तिची मुदत जूनच्या आधीच येऊन ठेपली आहे.

बागेची जमवता आली ती माहिती देते. जात थॉमसन, खुंट (ज्यावर कलम केले ती वेल) डॉगरिज, लागवड २०१३ ची, अंतर नऊ बाय पाच फूट, वेलींना वाय आकाराचा सांगाडा आणि ठिबक. पाणी विहिरीचे आहे, आणि लाटीपाडा धरण भरलेल्या वर्षी विहीर उन्हाळ्यातही साथ देते, असे शेजारी सांगतात. काका अर्ली छाटणी घेत, म्हणजे इतरत्र ऑक्टोबरात होणारी, फळासाठीची गोडी छाटणी ते जुलै-ऑगस्टमध्ये उरकत आणि नाताळापूर्वी माल काढत. मोटारीच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर त्यांनी ऑइलपेंटने दरसालच्या छाटणीच्या तारखा एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत. २०१९ च्या तारखेपुढे ‘पाऊस’ एवढाच शब्द आहे. त्यापुढची दोन वर्षे छाटणी सप्टेंबरअखेर गेलेली दिसते आणि नंतर ती पुन्हा सरकत सरकत जुलैला आलेली आहे. पावसाने पोळलेला माणूस पुन्हा पावसाळ्यातल्या छाटणीकडे का वळला असावा, हे मला त्या दारावरून उमगले नाही. (वहीतल्या आकड्यांना कारण विचारण्याची माझी सवय जुनी आहे.)

यंदाचा माल काकांच्या हयातीतच निघाला. व्यापाऱ्याकडून काही रक्कम अजून यायची आहे आणि तिच्याबद्दल हातात फक्त एक चिठ्ठी आहे. बाग सध्या विश्रांतीत आहे. लागवडीपासून काकांकडे असलेल्या सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) साल आखाजीला संपते. मी गेले की तो एवढेच विचारतो, “ताई, छाटनी कव्हय करानी शे?” आणि माझ्याकडे उत्तर नसते.

तेव्हा जाणकारांनी सांगावे, की बाग ठेवायची की नाही हे ठरलेले नसतानाही खरड छाटणी करून घेणे शहाणपणाचे होईल का, की ती न करता एक वर्ष बाग तशीच सोडता येते? बाराव्या-तेराव्या वर्षाच्या वेलींवर पैसा घालण्यात अर्थ आहे का, आणि तो पाहायचा कसा? शिवाय, बाग वाट्याने द्यायची झाल्यास काय काळजी घ्यावी? आतेभाऊ ‘मला जमीन नको, हक्कसोड लिहून देतो’ म्हणतो आहे, त्याचीही नीट पद्धत समजली तर बरे होईल.

प्रतिसाद: बागलाणकर

ताई, खरड छाटणी करून घ्या, बाकीचे नंतर ठरवा. मी सटाणा भागात अर्ली बाग करतो, त्यावरून सांगतो.

वेल ‘तशीच सोडणे’ हा प्रकार द्राक्षात नसतो. खरड छाटणीत आपण जुनी काडी ओलांड्याजवळ (वेलीच्या आडव्या मुख्य फांदीजवळ) एक-दोन डोळ्यांवर कापतो आणि नवी काडी तयार करून घेतो. या नव्या काडीच्या डोळ्यांत, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढे जो घड दिसणार आहे तो या उन्हाळ्यातच ठरलेला असतो. छाटणी चुकवली तर फूट शेंड्याकडे पळते, ओलांड्याजवळचे डोळे आंधळे होतात, आणि दाटीत भुरी व करपा हे रोग मुक्काम करतात. पुढच्या वर्षी सांगाडा पुन्हा ताळ्यावर आणण्याचा खर्च वेगळाच.

खर्चाचे म्हणाल तर आमच्याकडे दोन्ही छाटण्या मिळून एकरी तीन लाखांच्या आसपास जातात, पण त्यातला मोठा भाग गोडी छाटणीनंतरचा असतो. डोळे फुटण्यासाठी डॉरमेक्सची पेस्ट, जीएचे डिपिंग (घड संजीवकात बुडवणे), थिनिंगची म्हणजे मण्यांच्या विरळणीची मजुरी आणि केवडा रोगासाठी दिवसाआड फवारणी यांत पैसा वाहतो. खरड छाटणीत मजुरी, शेणखत, पाणी, फुटींची विरळणी, सबकेन (शेंडा खुडून पोटकाडी घेणे) आणि मोजक्या फवारण्या असतात. म्हणजे आता खरड छाटणी केली तर जुलैपर्यंत तुम्हाला विचाराला वेळ मिळतो. तेव्हा काडीचे नमुने प्रयोगशाळेत द्या. कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि घडच नसतील तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

वेलींचे वय म्हणाल, तर बारा-तेरा वर्षांना बाग थकू लागते, पण पंधरा वर्षे नीट चाललेल्या बागा माझ्या पाहण्यात आहेत. वय मोजण्यापेक्षा खोड बघा. सैल झालेली साल हाताने काढली की आत बारीक भोके आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. प्रत्येक ओळीतली तूट, म्हणजे मेलेल्या आणि सुकत चाललेल्या वेली, कागदावर मांडा. तुमच्या अंतराने एकरी साधारण ९६८ वेली बसतात. त्यातला पाव हिस्सा जरी गेला असेल तर माझे मत बदलेल.

प्रतिसाद: निवृत्त मंडळ अधिकारी

कागदांविषयी लिहितो. काकांच्या आई हयात नाहीत असे धरतो, कारण त्या असत्या तर त्या पहिल्या वर्गातील वारस ठरल्या असत्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या वर्ग दोनमध्ये भावाची मुलगी आणि बहिणीचा मुलगा एकाच नोंदीत येतात, म्हणून तुमचा आणि आतेभावाचा हिस्सा समान आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीसाठी कळवायचे असते. पौषात मृत्यू झाला असल्यास ही मुदत संपत आली आहे, म्हणून हे काम छाटणीच्याही आधी करा. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. दोघांची नावे सातबाऱ्यावर लागल्यावर आतेभावाने दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदावर हे भागत नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा वा बँकेचा बोजा आहे का, ते अवश्य पाहा. मयताचे कर्ज वारसावर मिळालेल्या मालमत्तेपुरतेच येते. व्यापाऱ्याकडची रक्कम गोडीने मिळाली तर उत्तमच. ती न्यायालयातून वसूल करण्याची वेळ आली तर मात्र दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागेल, सातबाऱ्यावरची वारस नोंद त्याला पुरणार नाही.

बाग वाट्याने दिलीत तर करार लेखी ठेवा, औषधे-खतांच्या पावत्या आपल्या नावाने घ्या आणि ई-पीक पाहणी आपल्याच नावाने लावा. कुळाचे वाद तोंडी व्यवहारातूनच उभे राहतात.

प्रतिसाद: शिरपूरचा शेतकरी

माझे मत उलट आहे. बाग मोडा, तारा आणि अँगल विका, आणि त्या पाण्यावर कांदा-मका घ्या. द्राक्षात चुकायला जागा नसते. ढगाळ हवेत दोन दिवस गावाला गेलात तर केवडा घडात उतरलेला असतो. शहरातून येऊन पहिल्याच वर्षी हे अंगावर घेऊ नये. मन दुखावण्यासाठी लिहीत नाही, डोंबिवलीहून कोणी येऊन औषधाच्या दुकानाची उधारी फेडत बसू नये एवढीच इच्छा आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वारस नोंदीचा अर्ज दिला आहे आणि आतेभाऊ हक्कसोडीसाठी यायला तयार आहे.

बागलाणकर दादांनी सांगितल्याप्रमाणे सालदार दादांना सोबत घेऊन ओळीओळीने वेली पाहिल्या. विहिरीकडच्या बाजूला तूट अगदी नगण्य आहे. उताराच्या टोकाच्या चार ओळींत मात्र बऱ्याच वेली सुकलेल्या आहेत आणि खोडावर भुसाही दिसला. तेवढ्या ओळी काढून टाकाव्यात असे दोघांचेही मत पडले.

दारावरच्या तारखांचे कारणही त्याच फेरीत समजले. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात छाटणी केली की थिनिंग नोव्हेंबर-डिसेंबरात येते, आणि दिवाळीनंतर पश्चिमेकडच्या पाड्यांवरची माणसे ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात. ती दोन वर्षे काकांना माणसे मिळाली नाहीत आणि घड दाटीनेच राहिले. जुलैच्या छाटणीत थिनिंग सप्टेंबरच्या आसपास येते, तेव्हा माणसे गावातच असतात. याचा अर्थ, पावसाचा धोका टाळायला छाटणी पुढे नेली तर मजुरांची अडचण उभी राहते. शिरपूरच्या भाऊंचा इशारा मला पटतो, पण त्यांच्या हिशेबात हा मुद्दाही धरला पाहिजे असे वाटते, कारण काढणीला माणसे तर कांद्यालाही लागतातच.

प्रतिसाद: बागलाणकर

मजुरांचे बरोबर आहे, आमच्याकडेही तेच गणित आहे. अर्लीत भाव मिळतो कारण त्या काळात बाजारात माल कमी असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक-सांगलीचा माल उतरला की भाव बसतो. पण २०१९ मध्ये परतीच्या आणि अवकाळी पावसाने आमच्या पट्ट्यातले तयार घड तडकून सडले, तेव्हा उत्पन्न सोडाच, बाग साफ करायला पैसे घालावे लागले होते. म्हणून जुलैत सगळी बाग एकदम छाटू नका. निम्मी जुलैअखेर आणि निम्मी ऑगस्टअखेर घ्या. फळपीक विम्याचा संरक्षण काळ तुमच्या छाटणीच्या तारखांशी जुळतो का, ते विमा भरण्याआधी कृषी कार्यालयात विचारून घ्या. अर्लीवाल्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

आणखी एक. डॉरमेक्स लावणाऱ्याने हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये आणि त्या दिवसांत दारूला अजिबात शिवू नये, जीवावर बेतते. हे मजुरांना तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्या कोणाकरवी नको.

धागाकर्ती

सध्या ठरवले आहे ते असे. टोकाच्या चार ओळी काढायच्या आणि उरलेल्या बागेची खरड छाटणी मार्चअखेरीस घ्यायची. सालदार दादांचे साल आखाजीला पुढे चालू ठेवायचे, आणि काडी तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत गोडी छाटणीसाठी उधारीवर काहीही उचलायचे नाही. कंपनीला बदली नको असल्याचे कळवले आहे. मिळणाऱ्या रकमेतून एका वर्षाचा घरखर्च बाजूला काढला आहे आणि त्याला बागेसाठी हात लावायचा नाही, असे मुलीसमोर कबूल केले आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे हंगामनिहाय सल्लेही वाचायला घेतले आहेत.

एकच शंका उरली आहे. माती परीक्षणाचा अहवाल यायला वेळ आहे. तोपर्यंत छाटणी थांबवावी का, आणि छाटणीच्या दिवशी काय तयार ठेवावे?

प्रतिसाद: बागलाणकर

अहवालासाठी छाटणी थांबवू नका. सध्या शेणखत द्या, रासायनिक खतांचे काय ते अहवाल आल्यावर बघू. छाटणी झाली त्याच दिवशी ओलांडे आणि खोड एक टक्का बोर्डो मिश्रणाने (हे बुरशीनाशक आहे) धुऊन घ्या. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवा, लोखंडी भांडे नको. चुना ताजा घ्या, हवा लागून भुकटी झालेला घेतला तर मिश्रण आंबट राहते आणि नंतरच्या फवारणीत कोवळी फूट भाजते. ओळखायला सोपे आहे, घासलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढा आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला.