कॅज्युअल्टीतून कुणाला ओपीडीत पाठवायचं, हे कसं ठरवता?

नमस्कार. मी कॅज्युअल्टीत ट्रायाजच्या टेबलावर, म्हणजे आलेल्यांपैकी कुणाला आधी बघायचं हे ठरवतात तिथे, नर्स आहे. ज्यांनी हे काम केलंय अशा डॉक्टर-सिस्टर मंडळींची मदत हवी आहे.

जे फॅमिली डॉक्टरकडे बरे होऊ शकतात त्यांना टेबलावरूनच परत पाठवा, असं आमच्याकडे घाटतंय. टाके काढायचेत, बीपीच्या गोळ्या संपल्यात, साधी सर्दी आहे, अशांबद्दल वादच नाही. अडतं ते पुढे.

मध्यंतरी एक बाई आल्या. "ॲसिडिटी झालीय हो, एक इंजेक्शन द्या, जाते मी." डायबेटिसच्या जुन्या पेशंट, ब्लाऊज घामाने भिजलेला. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांचीही छातीत जळजळ होती, त्यांची मात्र खरंच ॲसिडिटी निघाली. आजार साधा होता हे तपासल्यावर कळतं. टेबलावर माझ्या हाती फक्त तक्रार आणि व्हायटल्स, म्हणजे नाडी, बीपी वगैरे.

'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 2013 साली अमेरिकेतल्या कॅज्युअल्टींचा एक अभ्यास आला होता. शेवटच्या निदानावरून ज्यांचं फॅमिली डॉक्टरकडे भागलं असतं अशा भेटी 6.3 टक्केच होत्या. पण ते ज्या तक्रारी घेऊन आले, त्याच तक्रारी एकूण 88.7 टक्के भेटींत होत्या. मग चाळणी लावायची कशी?

गर्दीचं खापर साध्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांवर फोडणं तर मला मुळीच पटत नाही. आमच्या ट्रॉल्या अडतात त्या ॲडमिट झालेल्या, पण वॉर्डात बेड न मिळालेल्या पेशंटमुळे. कॅनडातल्या ऑन्टारियोत 2007 सालच्या अभ्यासात 8 तासांत साध्या आजाराचे 10 पेशंट वाढले, तर इतरांचा मुक्काम सरासरी 5.4 मिनिटांनी वाढलेला दिसला. एवढ्यासाठी कुणाला दारातून परत पाठवायचं?

ईएसआय (इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स) या ट्रायाज पद्धतीच्या पाच पातळ्या आम्ही वापरतो, पहिली सगळ्यात तातडीची. पण कुणाला आधी बघायचं हे ठरवायला ती पद्धत आहे. चौथी-पाचवी पातळी म्हणजे घरी पाठवा, असा तिचा अर्थ कुणी लावलाय का? त्यातून काही निसटलं का?

कॅज्युअल्टीच्या शेजारीच जनरल प्रॅक्टिशनर बसवून कुणी पाहिलंय का? तिकडे पाठवायचा निर्णय नर्स घेते की डॉक्टर? पाठवताना ओपीडीची वेळ हातात देता का, आणि पेशंट तिथे पोचला की नाही हे कोण बघतं? काहीही झालं तरी परत पाठवायचं नाही अशा लक्षणांची तुमची यादी असेल तर कृपया इथे टाका. प्रस्तावावर लेखी मत द्यायचंय, म्हणून घाई आहे.